धातूच्या आयनाची पकड

सोलापुरात चादरी-टॉवेलांचे सूत रंगवताना बोअरचे जड पाणी नडते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे रंग एकसारखा बसत नाही, म्हणून डाइंगमध्ये पाणी आधी सॉफ्टनरमधून, म्हणजे जडपणा काढणाऱ्या टाकीतून घेतात. त्या टाकीतील मोहरीपेक्षाही बारीक, पिवळसर मणी (रेझिन) हे धातूचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, धारण करणारे पॉलिमरच, म्हणजे लांब साखळ्यांचे पदार्थच आहेत. पॉलिस्टायरीनच्या साखळ्यांवर ऋणभारित सल्फोनेट गट बसवलेले असतात आणि प्रत्येक गटापाशी सोडियमचा एक आयन सैलसर धरलेला असतो. जड पाणी आत शिरले की कॅल्शियमचा एक आयन दोन सोडियमना हुसकावून त्यांची जागा घेतो. मणी भरले की मिठाचे दाट पाणी सोडून हाच व्यवहार उलटा करवून घेतात. (ते खारे पाणी पुढे जाते कुठे, हेही कोणीतरी विचारायला हवे.)

आयनाची पकड किती सैल वा घट्ट, यावर अशा पॉलिमरचा उपयोग ठरतो, असे मला वाटते. १९६०च्या दशकात ड्युपाँटने आणलेल्या सर्लिन या प्लास्टिकमध्ये सोडियम किंवा जस्ताचे आयन पुंजके करून शेजारच्या साखळ्या बांधून ठेवतात, मात्र उष्णतेने ही बांधणी सैल होते. त्यामुळे ते चिवट असूनही साच्यात ओतता येते. लोह आणि त्याला धरून ठेवणारा टरपिरिडीन हा सेंद्रिय रेणू यांच्या साखळीचा जांभळट-निळा रंग विजेच्या दाबाने घालवता आणि परत आणता येतो. पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या गावात खिडकीच्या काचेसाठी असा पदार्थ मिळाला तर हवाच आहे, पण किंमत परवडली तर.

धातूचे आयन सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेल्या सच्छिद्र धातू-सेंद्रिय जाळ्यांचा (इंग्रजीत एमओएफ) गाजावाजा याहून मोठा आहे. त्यांच्यासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९९मधील एमओएफ-५ या प्रसिद्ध जाळीत जस्त होते आणि दमट हवेत ती ढासळत असे. ऑक्सिजनला अधिक घट्ट धरणाऱ्या अॅल्युमिनियमची एमओएफ-३०३ ही जाळी मात्र अमेरिकेतील मोहावे वाळवंटातील कोरड्या हवेतूनही पाणी ओढू शकली. झिर्कोनियमच्या जाळ्या सांडपाण्यातील रंग शोषतात, हे प्रयोगशाळांत दिसले आहे. परंतु त्या बहुधा बारीक भुकटीच्या रूपात तयार होतात आणि वाहत्या पाण्यात भुकटी टिकत नाही. तिला मण्यांत किंवा पडद्यात बांधण्याचे काम स्वस्तात जमेपर्यंत डाइंगच्या टाकीतील जुन्या रेझिनला पर्याय दिसत नाही.