पिवळाधमक नसलेल्या गुळाची जाहिरात

गेल्या जानेवारीत करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाच्या गुळासाठी वेष्टनावरचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दिवस थोडे होते, म्हणून मी चॅटजीपीटीला चार ओळींची माहिती दिली आणि अर्ध्या मिनिटात दहा मथळे हाती आले. त्यातला सहावा मला आवडलाही: ‘सोनेरी रंगाचा शुद्ध कोल्हापुरी गूळ, परंपरेची गोडी प्रत्येक घासात.’ तो घेऊन मी गुऱ्हाळावर गेले आणि मालकांना, ज्यांना सगळे आबा म्हणतात, वाचून दाखवला. आबांनी गुळाचा एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. तो गडद तपकिरी होता.

“ताई, ह्यो सोनेरी दिसतोय व्हय? गिऱ्हाईक पिवळाधमक बघूनच हात घालतंय, म्हणून तर आमचा माल मागं ऱ्हातोय.”

गुळाला उजळ रंग यावा म्हणून अनेक ठिकाणी उकळत्या रसात हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालतात. आबा ते घालत नाहीत; मळी काढण्यासाठी भेंडीचे पाणी वापरतात आणि रंग जो येईल तो येऊ देतात. म्हणजे मी पसंत केलेला मथळा नेमक्या त्या गुणाची स्तुती करत होता, जो या गुळात नाही आणि जो नसणे हेच त्याचे वैशिष्ट्य आहे.

चूक त्या साधनाची होती असे मी म्हणणार नाही. भाषेची ही प्रारूपे आधी लिहिल्या गेलेल्या मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द निवडत जातात, आणि गुळाच्या जाहिरातींत ‘सोनेरी’ हा शब्द वारंवार आलेला असतो. रंग मी सांगितलाच नव्हता, कारण तोवर मी तो पाहिलाच नव्हता. मला अस्वस्थ केले ते हे की तो मथळा मला आवडला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले, त्यानंतर काही महिन्यांतच मी ते रोज वापरू लागले. आणि जी ओळ गुळावर, साडीवर किंवा उद्यमनगरातल्या कारखान्याच्या पत्रकावर सारखीच बसेल, ती ओळ पूर्वी माझ्या कानाला लगेच खटकत असे, ती आता खटकेनाशी झाली होती.

त्या दिवशी मी दुपारपर्यंत तिथेच वही घेऊन बसले. गुळव्या काहिलीतल्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडत होता, बोटांनी त्याची गोळी वळते का ते पाहत होता आणि मान हलवून पुन्हा वाट पाहत होता. तिसऱ्या वेळी गोळी त्याच्या मनासारखी झाली आणि चौघांनी मिळून काहील वाफ्यात, म्हणजे पाक गार करायच्या उथळ खळग्यात, रिकामी केली. मी वहीत तेवीस ओळी लिहिल्या. बहुतेक वाईट होत्या, पण त्या याच गुळाच्या होत्या. शेवटी उरली ती अशी: ‘रंग सावळाच. उजळ दिसावा म्हणून काही घातलेले नाही.’ आबांनी ती ऐकली आणि एकच दुरुस्ती सुचवली: “घातलेलं म्हणा की. घातलेले कोण बोलतंय?” वेष्टनावर ‘घातलेलं’ छापले गेले.

साधन मी त्या कामातून वगळले नाही, त्याची जागा बदलली. मजकूर तयार झाल्यावर मी त्याला सांगितले की, पिवळाच गूळ विकत घेणारी एक गृहिणी म्हणून या वेष्टनाबद्दल शंका विचार. आठ प्रश्न आले. त्यातले सहा किरकोळ होते, पण ‘गडद रंग म्हणजे गूळ जुना आहे का?’ आणि ‘याने चहा फाटेल का?’ हे दोन मला सुचले नव्हते. पहिल्याचे उत्तर म्हणून आम्ही गूळ तयार झाल्याची तारीख समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत घेतली. दुसऱ्याचे उत्तर आबांच्या घरातल्या चुलीपाशी मिळाले: गॅस बंद करावा आणि गूळ शेवटी घालावा. ते मागच्या बाजूला छापले. त्याच साधनाने ‘रक्तक्षय दूर करतो’ ही ओळही सुचवली होती, ती मी तत्काळ काढली. खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा करण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी मनाई आहे, आणि असा दावा छापला गेला तर त्याचा जाब गूळ विकणाऱ्याला द्यावा लागतो.

तेव्हापासून राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या कार्यालयात मी एक पद्धत ठेवली आहे. वस्तू हातात घेतल्याशिवाय आणि स्वतःचा पहिला खर्डा वहीत लिहिल्याशिवाय कोणीही साधन उघडायचे नाही. मग साधनाच्या ओळी शेजारी मांडायच्या, आणि आपली ओळ सोडून त्याची घेतली तर ती का घेतली हे समासात लिहायचे. हे समास मला फार मोलाचे वाटतात. माझ्या वहीत ‘लहान आहे म्हणून’ हे कारण वारंवार येते, आणि त्यावरून मला कळले की मी लांबण लावते. गेले दोन महिने मी त्यावरच काम करते आहे.

आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीला याचा सुरुवातीला कंटाळा येत असे, आणि मला ते समजत होते, कारण तिच्या वयात मलाही झटपट उत्तर हवे असते. या आठवड्यात तिच्याकडे कोल्हापुरी चपलांचे काम आहे. सोमवारी ती एका कारागिराकडे चार तास बसून आली. तिच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिले आहे: ‘नवी चप्पल करकर वाजते. ते का, आणि तो आवाज कधी थांबतो, हे विचारायचे राहिले.’ उद्या ती पुन्हा जाणार आहे.