टोकियोत खातं उघडायचं म्हणजे आधी नाव ठरवायचं

जपानला नोकरीसाठी किंवा शिकायला निघालेल्या मराठी माणसाला पहिली काळजी असते घराची, दुसरी जेवणाची. बँकेचा विचार तेव्हा कुणी करत नाही. मग पगाराची तारीख जवळ येते, कंपनीतून खाते क्रमांक मागणारा मेल येतो आणि धावपळ सुरू होते. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई म्हणजे भारतीयांची मोठी वस्ती. तिथे ही धावपळ मी इतक्या घरांत पाहिली आहे की निक्को आणि हाकोने या सहलीच्या जागांबद्दल लिहायचं बाजूला ठेवून आधी हेच लिहायला घेतलं. निक्को सुंदर आहे, गर्दी अफाट आहे, सकाळच्या पहिल्या गाडीने जा. एवढं पुरे.

पर्यटक म्हणून आलेल्यांचं काम एका वाक्यात संपतं: खातं मिळत नाही. पर्यटक व्हिसावर राहिवासाचं कार्ड मिळत नाही आणि त्या कार्डाशिवाय कुठलाच काउंटर अर्ज पुढे नेत नाही. त्याची गरजही नसते. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन निघतात, आणि लोकल-मेट्रोसाठी सुइका कार्डात रोख भरता येते.

खरा विषय आहे तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यांचा. नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर इमिग्रेशनच्या खिडकीतच ‘झाइर्यू कार्ड’, म्हणजे हेच राहिवासाचं कार्ड, हातात पडतं. ही पद्धत जुलै २०१२ पासूनची. कार्ड नीट पाहा. पत्त्याच्या जागी ‘अजून ठरलेला नाही, नोंदणीनंतर मागे लिहिला जाईल’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. हे कार्ड घेऊन थेट बँकेत गेलात तर परत पाठवतात, कारण मागची बाजू कोरी असते. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, की ते मागच्या बाजूला पत्ता उमटवून देतात. पुढे प्रत्येक अर्जावर तोच पत्ता जसाच्या तसा उतरवायचा, इमारतीचं नाव आणि खोलीचा नंबर धरून. घरमालकाच्या करारात एक आणि कार्डावर दुसरं असेल तर कार्डावरचं खरं.

मग फोन. बँकेला ०९०, ०८० किंवा ०७० ने सुरू होणारा जपानी नंबर लागतो. मासिक बिलाचा फोन घ्यायला गेलात तर दुकानदार विचारतो, बिल कुठल्या खात्यातून कापायचं? इथे पुष्कळ जण अडकतात. यातून सुटका म्हणजे परदेशी क्रेडिट कार्डावर सिम देणाऱ्या किंवा बिल कोनबिनीत (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात) रोख भरू देणाऱ्या कंपनीकडे जाणं. अशा कंपन्या आहेत, पण नंबर कॉलसाठी चालणारा आहे याची आधी खात्री करा. फक्त डेटाचं सिम बँकेत चालत नाही.

आता सहा महिन्यांचा नियम, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. जपानच्या परकीय चलन कायद्यानुसार देशात येऊन सहा महिने न झालेला परदेशी माणूस ‘अनिवासी’ धरला जातो. जपानमधल्या कार्यालयात नोकरी करणारा मात्र पहिल्या दिवसापासून निवासी. म्हणजे कंपनीत रुजू झालेल्या इंजिनिअरचं काम होतं, भाषा शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचं अडतं. नियमामागचं कारण कळतं, पण काउंटरवर ते कुणी समजावून सांगत नाही हे खटकतं. स्टेशनसमोरच्या एका मोठ्या बँकेत मी ज्या मुलीसोबत गेले होते तिला नुसतं ‘सहा महिन्यांनी या’ सांगून वाटेला लावलं. अनिवासी खातं म्हणून काही असतं, हा शब्दही कुणाच्या तोंडून निघाला नाही. पोस्टाच्या बँकेत, म्हणजे ‘यूचो’त, अशा माणसाला मर्यादित व्यवहारांचं खातं मिळू शकतं. त्यातून पाठवणं-स्वीकारणं यावर बंधनं असतात आणि सहा महिने झाल्यावर कार्ड दाखवून ती काढून घ्यायची असतात. नोकरी असेल तर कंपनीचं ओळखपत्र किंवा नेमणुकीचं पत्र सोबत न्याच. ‘मी निवासी आहे’ याचा तोच पुरावा.

नवख्या माणसाला मी पोस्टाचीच वाट दाखवते. टपाल बचतीची परंपरा १८७५ पासूनची, ऑफिसं गल्लोगल्ली, आणि काउंटरवरची माणसं अर्ज भरताना थांबून मदत करतात. इंग्रजी वेबसाइट हवी असणाऱ्यांना एसबीआय शिनसेई बँक सोयीची वाटते. मात्र नावातलं एसबीआय पाहून ही आपली स्टेट बँक समजू नका. तो जपानी वित्तसमूह आहे, दोघांचा संबंध नाही. आपल्या स्टेट बँकेची टोकियोत वेगळी शाखा आहे.

आता नाव. बाकी सगळं उशिराने का होईना, सुटतं. नाव एकदा चुकीचं चढलं की वर्षभर त्रास देतं.

आपल्या पासपोर्टावर बहुधा आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. जपानी कार्डावर ते सगळं आडनाव आधी धरून मोठ्या रोमन अक्षरांत छापलं जातं. मधलं नाव गाळायची सोय नाही. बँक त्या रोमन नावासोबत काताकाना लिपीतला उच्चार मागते, आणि जपानमधले आंतरबँक व्यवहार याच काताकानावर चालतात. तुमचा काताकाना उच्चार कार्डावर कुठेही छापलेला नसतो. तो तुम्हीच ठरवायचा असतो, आणि बहुतेकांना हे काउंटरवर पोहोचल्यावरच कळतं.

समजा नाव आहे देशपांडे ज्ञानेश्वर दत्तात्रेय. पासपोर्टावर ज्ञानेश्वरची सुरुवात रोमन ‘डी’ने होते. काउंटरवरची व्यक्ती ते वाचून ‘दोन्यानेशुवारु’ लिहील. कंपनीतल्या मनुष्यबळ विभागातला दुसरा कुणी ‘न्यानेशुवारु’ ऐकून तसं लिहील. दोन्ही आपापल्या जागी रास्त, पण संगणकाला ही दोन वेगळी माणसं. विजयमधला ‘वि’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दत्तात्रेयमध्ये दीर्घ स्वराची आडवी रेघ द्यायची की नाही, यावर एकमत नसतं.

त्यात जागेचा हिशेब आहे. पैसे पाठवण्याच्या प्रणालीत खातेदाराच्या नावाला अर्ध्या रुंदीच्या काताकानाची ३० अक्षरं मिळतात. ग, ज, द, ब असे घोष वर्ण तिथे मूळ अक्षर आणि वरच्या दोन टिंबांसारख्या रेघा असे सुटे मोजले जातात, म्हणजे एकाला दोन जागा. ‘प’चं वर्तुळही वेगळी जागा खातं. एरवी सहा अक्षरांत लिहिलं जाणारं देशपांडे असं नऊ जागा घेतं. ज्ञानेश्वर ‘दो’पासून लिहिलं तर नऊ. दोन दीर्घ रेघांसह दत्तात्रेय आणखी नऊ. मधल्या दोन रिकाम्या जागा धरून २९. जेमतेम मावलं. याहून लांब नावाचं शेपूट तुटतं, आणि ते नेमकं कुठे तुटलं हे खातेपुस्तकात पाहूनच कळतं.

अर्जावर हे डोळ्यांना दिसतं. फिकट रेषांच्या खणांची एक ओळ असते, एका खणात एक अक्षर. पुष्कळ अर्जांवर त्या दोन छोट्या रेघांनाही स्वतंत्र खण द्या असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आडनावानंतर एक खण मोकळा. खाडाखोड चालत नाही. पांढरी शाई तर नाहीच, आणि घासून पुसता येणाऱ्या पेनाने भरलेला अर्ज परत करतात, कारण ती शाई उष्णतेने उडते. जन्मतारीख काही ठिकाणी जपानी कालगणनेत, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीच्या वर्षात लागते. १९८८ म्हणजे शोवा ६३, १९९५ म्हणजे हेइसेई ७. २०१९ च्या मे महिन्यापासून रेइवा सुरू झालं, म्हणून २०२५ म्हणजे रेइवा ७.

म्हणून जपानला निघण्याआधीच हे काम करा. कार्डावर येणार त्याच क्रमाने नाव लिहा, जपानी येणाऱ्या कुणाकडून काताकाना करून घ्या, खण मोजा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. फोन कंपनी, ऑफिस, बँक, वीज, क्रेडिट कार्ड, सगळीकडे तीच अक्षरं, त्याच मोकळ्या जागा. हे न करणाऱ्यांचा पहिला पगार ‘खातेदाराचं नाव जुळत नाही’ म्हणून परत गेलेला मी पाहिला आहे. त्यात दोष कंपनीचा नसतो, बँकेचाही नसतो, आणि घरभाडं मात्र थांबत नाही. विजेच्या बिलाचा कापून घेण्याचा अर्ज तर कित्येक दिवसांनी टपालाने परत येतो. एक गोष्ट मात्र पाहून घाबरू नका. आतल्या प्रणालीत छोटी जोडाक्षरं मोठी होतात, त्यामुळे ज्योतीचं ‘जियोतेइ’ झालेलं दिसेल. ते सगळ्यांचंच होतं.

सहीऐवजी मारायच्या नावाच्या शिक्क्याचं, म्हणजे ‘हांको’चं प्रकरण आता पूर्वीइतकं कडक नाही. पोस्टात आणि बऱ्याच बँकांत परदेशी माणसाची सही चालते. तरी कुठे हांको मागितलाच तर शाई आत भरलेला रबरी शिक्का नेऊ नका. रबर दाबाने बदलतं, ठसा दर वेळी सारखा उमटत नाही, म्हणून बँका तो घेत नाहीत. लाकडी किंवा प्लास्टिकचा, लाल शाईत बुडवून मारायचा शिक्का लागतो. आपलं आडनाव तयार शिक्क्यांच्या फिरत्या स्टँडवर मिळणार नाही, बनवूनच घ्यावं लागतं.

काउंटरवर काही प्रश्न ठरलेले असतात. खातं कशासाठी? पगार, घरखर्च, असं एका शब्दात सांगा. हीच शाखा का? घर किंवा ऑफिस जवळ आहे म्हणून. कर कुठल्या देशात भरता, याचं लेखी निवेदन २०१७ पासून घेतलं जातं. चार आकडी पिन जन्मतारखेचा ठेवू देत नाहीत. मोठ्या बँकांची दारं साधारण ३ वाजता बंद होतात, पोस्टाचा बचत काउंटर ४ पर्यंत असतो. सकाळी दहाच्या आत जा, दोन तास हाताशी ठेवा. पहिल्या भरण्याला हजाराची एक नोट पुरते. दहा हजाराची जुलै २०२४ मधली नवी नोट भरलीत तर तिच्यावरचा चेहराही पाहून घ्या. ते शिबुसावा एइइची, १८७३ मध्ये जपानची पहिली आधुनिक बँक उभी करणारे.

खातेपुस्तक कधी त्याच दिवशी मिळतं, कधी तपासणीनंतर. एटीएम कार्ड मात्र नोंदणीकृत टपालाने घरी येतं आणि ते दुसऱ्या पत्त्यावर वळवता येत नाही. खाली टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर टपालवाला ते परत नेऊ शकतो. कागदाच्या पट्टीवर रोमन आणि काताकाना, दोन्हींत नाव लिहून पहिल्याच दिवशी पेटीवर चिकटवा. मित्राच्या खोलीत राहणाऱ्यांचं कार्ड हमखास इथेच अडतं.

पोस्टाच्या खात्याचे आकडेही वेगळे असतात. पुस्तकावर पाच आकडी ‘किगो’ आणि आठ आकड्यांपर्यंतचा ‘बांगो’ असतो. कंपनीच्या अर्जात मात्र तीन आकडी शाखा आणि सात आकडी खातं मागतात. किगोचा दुसरा आणि तिसरा आकडा घ्या, शेवटी ८ लावा, ही शाखा झाली. किगो १०१२० असेल तर शाखा ०१८. बांगोचा शेवटचा १ काढून टाका, कमी पडतील तेवढी शून्यं सुरुवातीला लावा. बँकेचा कोड ९९००.

खातं मिळाल्यावर दोन कामं विसरली जातात. भारतातलं साधं बचत खातं तुम्ही फेमाखाली, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याखाली, अनिवासी झालात की एनआरओ (अनिवासींचं साधं खातं) करून घ्यायचं असतं. आणि जपानी राहिवासाची मुदत वाढली की नवं कार्ड बँकेला दाखवायचं. जुन्या कार्डाची तारीख उलटली की बँक व्यवहार रोखू शकते. मुदतवाढीचा अर्ज इमिग्रेशनकडे पडून असेल तर कार्डाच्या मागे तसा शिक्का असतो आणि मूळ तारखेनंतर जास्तीत जास्त दोन महिने ते वैध राहतं. हा शिक्का स्वतःहून दाखवा.

जपान सोडताना खातं बंद करून जा. कार्ड आणि पुस्तक विकत मागणारे लोक समाजमाध्यमांवर विद्यार्थ्यांना गाठतात. दिलंत तर तो गुन्हा आहे, आणि पुढच्या व्हिसावर त्याची सावली पडते. शेवटचं वीज-गॅसचं बिल कापून जाईपर्यंत थांबा, मग कार्ड, पुस्तक आणि झाइर्यू कार्ड घेऊन काउंटरवर जा. झाइर्यू कार्ड विमानतळावर निष्प्रभ करतात, त्यामुळे हे आधीच उरकायचं. जपानमध्ये भरलेल्या पेन्शनच्या एकरकमी परताव्यासाठी खातं चालू ठेवायची गरज नाही. तो अर्ज देश सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत करता येतो आणि रक्कम भारतातल्या तुमच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात मागवता येते. अर्जावर त्या भारतीय बँकेचा शिक्का किंवा सोबत खात्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा आपल्या शाखेतल्या साहेबांना आधी फोन करून ठेवा.