पाहुण्यांना विकतच्या चपात्या का?

घरी माणसं जेवायला बोलावली की हा प्रश्न ठरलेला. विश्रामबागेतल्या शेजारणी विचारतात, मिरजेची नणंद विचारते, "एवढा सगळा घाट घालतेस, मग चपात्याच तेवढ्या विकतच्या का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

दहा-बारा माणसं म्हणजे तीसेक चपात्या. त्या तव्यावरून थेट ताटात पडल्या पाहिजेत, ही आपली रीत. बाहेर गप्पा रंगतात आणि घरची बाई गॅससमोर उभी. मी माणसं बोलावते ती त्यांच्याशी बोलायला. तव्यावरची चपाती जास्त चांगली लागते, हे मान्यच आहे. माझी आई तशीच वाढायची आणि सगळ्यांचं उरकल्यावर एकटी जेवायची.

शिवाय विकतचं आणलं की नुसतं ताटात टाकत नाही मी. चपातीला हिरवी चटणी लावायची, आत परतलेलं पनीर आणि तासगावचे चार बेदाणे, घट्ट गुंडाळून तुपावर खरपूस शेकायची आणि तिरकी कापायची. कुलचा आधी एका बाजूने भाजायचा, मग उलटून त्या भाजलेल्या बाजूवर कांदा, ढोबळी मिरची, चीज घालून मंद आचेवर झाकण. शाळूची भाकरी गुंडाळायला गेलात तर तुटणार, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून तिचे तुकडेच करायचे, तुपात कुरकुरीत करायचे, वर दही, खर्डा, बारीक कांदा आणि अगदी शेवटी मूठभर भडंग. लगेच वाढा, नाहीतर मऊ पडतं. आणि उरलेल्या चपात्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथल्या गारव्यात पिठातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि त्या वातड होतात. फ्रीजरमध्ये ठेवा, काढल्यावर पाण्याचा हबका मारून तापल्या तव्यावर टाका.

पण खरं कारण वेगळं आहे.

मागच्या दिवाळीनंतर घरी जेवण होतं. सासरकडच्या एक आत्या आल्या होत्या. पहिल्याच घासाला त्यांनी चपाती ताटाच्या कडेला सारली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "विकतचं घालायचं तर माणसं बोलवायची कशाला?" त्यांच्या समोरच्याच पाटावर आमच्या बचत गटाच्या काकू बसल्या होत्या. चपात्या त्यांनीच लाटलेल्या. मी त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. ठेवणीतली साडी, केसांत गजरा, बोटांवर तव्याचे जुने चटके. त्यांचा हात आमटीच्या वाटीपाशीच थांबला.

मी म्हणाले, "आत्या, या काकूंनी लाटल्यात. पहाटे चारला उठून."

कुणी काही बोललं नाही. आत्यांनी भात मागितला. आणि मी उठायच्या आत काकूच अर्ध्या ताटावरून उठल्या, हात धुतले आणि भाताचं पातेलं घेऊन वाढायला लागल्या. मी हाताला धरून बसवू पाहिलं, बसल्या नाहीत. "असू दे गं, सवय आहे," म्हणाल्या.

तेव्हापासून जेवायला बोलावलं की त्यांना काहीतरी काम निघतं. मी नाव घेतलं नसतं तर बरं झालं असतं का? नवरा म्हणतो, हो. मला वाटतं, गप्प बसले असते तर तो अपमान त्यांनी मुकाट गिळला असता, आणि मीही. कधी मात्र वाटतं, मान त्यांचा राखायचा होता की राग माझा काढायचा होता?

येत्या शनिवारी पुन्हा माणसं आहेत. ऑर्डर काकूंकडेच दिली आहे आणि जेवायलाही बोलावलंय. अजून त्या हो म्हणालेल्या नाहीत.