तोंड बघ, मग नाव सांग

गेल्या आठवड्यात आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नवीन मुलगी आली, नुकताच जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली. पहिल्याच दिवशी धुतलेल्या आर्टरी (रक्तवाहिनी धरायचे चिमटे) आणि नीडल होल्डर (सुई धरायचे) तिनं एकाच ढिगात लावले. मी रागावले नाही. २२ वर्षांपूर्वी कोल्हापुरात नोकरीला लागले तेव्हा मीही तेच केलं होतं.

दोन्हींना कात्रीसारख्या कड्या, दोन्हींना लॉक. फरक तोंडात. आर्टरीचं तोंड लांब, निमुळतं, आत आडव्या रेघा. तिनं रक्तवाहिनी दाबून धरायची. नीडल होल्डरचं आखूड, दणकट, आत जाळीसारखी नक्षी, म्हणजे सुई फिरत नाही. आर्टरीनं सुई धरायची सवय लागली की तिचं तोंड वाकतं, आणि मग ऐन रक्तस्रावात ती शीर धरत नाही.

माझं माहेर हुपरी. बाबा चांदीकाम करायचे. पैंजणाची कडी धरायचा चिमटा वेगळा, तापलेली मूस उचलायची सांडशी वेगळी; अदलाबदल झाली की ते हातातलं काम थांबवायचे. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितली आहेत. त्यात सिंहमुख, कंकमुख अशी नावं वाचली तेव्हा मला बाबाच आठवले. कंक म्हणजे बगळ्यासारखा पक्षी. तोंड बघूनच ठेवलेली नावं ती!

माझी चूक अजून डोळ्यांपुढे आहे. ॲपेंडिक्सची केस होती. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी हात पुढे केला, "बॅबकॉक." मी ॲलिस दिली. दोन्ही पकडायचेच चिमटे. ॲलिसच्या टोकाला बारीक दात असतात. स्नायूवरचा जाड पडदा धरायला ती चांगली, आतड्याला नाही. बॅबकॉकचं तोंड गोलसर, मध्ये मोकळं, बिनदातांचं. ॲपेंडिक्स किंवा गर्भनलिका तिच्यात न चेंगरता बसते. सरांनी लावायच्या आधी पाहिलं, म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कात्र्यांचंही तसंच. दोरा कापायला सरळ मेयो. नाजूक मेझेनबॉमनं दोरा कापलेला मला आजही खपत नाही, धार जाते.

आणि धुताना रक्त आधी थंड पाण्यानं काढायचं. गरम पाण्यानं ते गोठून सांध्यात चिकटतं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, लॉक उघडी ठेवायची, वाफ आतपर्यंत पोचली पाहिजे.

काल केसेस संपल्यावर मुलीला डोळे मिटायला सांगितलं आणि धुऊन ठेवलेलं एक इन्स्ट्रुमेंट हातात दिलं.

"आर्टरी, ताई."

"टोकापर्यंत जा की गं."

तिचा अंगठा रेघांवरून सावकाश पुढे सरकला आणि टोकाशी थांबला. "दात आहेत. कोकर!"

कोकरच होती, आर्टरीसारखीच, फक्त टोकाला दात असलेली. उद्या सकाळी आठला हर्नियाची केस आहे. इन्स्ट्रुमेंटच्या ट्रॉलीपाशी तिलाच उभी करणार आहे, मी शेजारी असेन.