फ्रिज, कुंकू आणि ग्राहक आयोग

फ्रिजच्या दारावर सोनेरी स्टिकर होता: ‘कंप्रेसर १० वर्षे’. चौदाव्या महिन्यात नेमका तोच बसला. कंपनीच्या माणसाने कंप्रेसर फुकट बदलला, पण गॅस आणि मजुरीचे ४,२०० रुपये घेतले. महिनाभरात दूध परत नासायला लागलं. ‘आता पुन्हा गॅसचे पैसे भरावे लागतील सर,’ कॉल सेंटरवरची मुलगी म्हणाली. तिचा काय दोष, पण माझं डोकं फिरलं.

आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं. डॉकेट नंबर मिळाला, तक्रार कंपनीकडे गेली. बाराव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं: ‘ग्राहकाला अटी समजावल्या आहेत.’ विषय संपला! हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम काढत नाही. पण त्या उत्तराची प्रिंट मी जपून ठेवली. कंपनीने हात झटकल्याचा पुरावा कंपनीनेच दिला होता.

मग जिल्हा ग्राहक आयोग. फ्रिज पुण्यात घेतलेला, आम्ही राहतो दुसऱ्या जिल्ह्यात, तालुक्याला. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, नाहीतर पुण्याच्या खेपांनीच जीव गेला असता. वस्तूसाठी मोजलेले पैसे ५ लाखांच्या आत, म्हणून फी शून्य. वकीलही लावला नाही.

पंचाईत झाली ती बिलाची. थर्मल कागद पांढराफटक पडलेला, दुकानाचं नावसुद्धा दिसेना. बायकोला आठवलं, फ्रिजची पूजा केली त्या दिवशी भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता. त्यात बिल होतं. कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं, पण तारीख आणि आकडा स्वच्छ. तोच फोटो छापून शपथपत्रासोबत जोडला. काळ्या-पांढऱ्या प्रतीत कुंकवाचा डाग शाईसारखा दिसत होता.

कंपनी आणि दुकान, दोघांनाही ‘सामनेवाले’ म्हणजे विरुद्ध पक्ष केलं. नोटीस मिळाल्यावर त्यांनी ३० दिवसांत म्हणणं द्यायचं, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळेच की काय, चाळिसाव्या दिवशी कंपनीच्या वकिलांचा फोन आला, ‘मिटवून टाकू ना साहेब.’

फोनवर हो म्हटलं नाही. पुढच्या तारखेला आयोगासमोर सह्या करून तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली: नवा फ्रिज, ४,२०० परत, खर्चाचे ३,०००. मानसिक त्रासाचे २० हजार मात्र मी सोडून दिले. बायकोला ते अजून पटलेलं नाही.