लक्ष्मणफळाचा पाला

मी परळच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन आहे, माझ्याकडे कॅन्सरचे पेशंट जास्त. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वेंगुर्ल्याकडच्या एक काकू, केमो चालू होती म्हणून लालबागला मुलाकडे राहायला आलेल्या. त्या दिवशी ओपीडीत बाकावरून उठल्या आणि भेलकांडल्याच, सिस्टरने धरलं म्हणून बरं. बीपी बघितलं तर 90/60. वजन पण तीन आठवड्यात तीन किलो उतरलेलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं, बघा जरा पोटात काय जातंय.

मी आपलं नेहमीचं विचारत गेले, चहा किती, पेज किती, मासे खाता का, काकू गुळमुळीत बोलतायत आणि मुलगाच मधेमधे उत्तरं देतोय. शेवटी म्हटलं, गोळ्यांशिवाय अजून काही घेता का? काकूंनी आधी मुलाकडे बघितलं. "तो पाल्याचो काढो पितंय नाय काय, दोन टायम."

पाला लक्ष्मणफळाचा. सीताफळ-रामफळाचंच भावंड, पण मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, फळ हिरवं, अंगावर मऊ काटे. मुंबईत सहज मिळत नाही, म्हणून मुलगा वाळका पाला पाकिटातून मागवत होता. त्याने लगेच मोबाईल काढून फॉरवर्ड दाखवला, केमोपेक्षा दहा हजार पट पॉवरफुल.

हा आकडा हवेतला नाही हे मला माहीत होतं. 1996 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात या झाडातला एक घटक आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघितला, त्याची तुलना एका केमोच्या औषधाशी केली, तिथून तो आला. पण ते सगळं काचेच्या भांड्यात, माणसात नाही. आणि तो घटक काढला होता बियांमधून, आणि हे बसलेत पाला उकळत! काढ्याने बीपी आणि शुगर उतरू शकते आणि काकूंना तर बीपीची गोळी होतीच. चक्कर त्यानेच आली असं छातीठोक नाही सांगणार मी, उलट्या होत्या, जेवणही सुटलेलं. पण तीन आठवडे डॉक्टरांना कोणी बोललं नव्हतं याचा मला खरा राग आला.

मुलगा ऐकेना. "मॅडम, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही." मग मी काकूंनाच विचारलं, तुमच्याकडे उवांना काय लावतात? काकू हसल्या, "सीताफळाच्यो बियो वाटून!" आणि डोळ्यात गेलं तर? त्यांच्या बहिणीचा डोळा म्हणे पंधरा दिवस लालभडक होता. मग मुलाला म्हटलं, त्याच घराण्यातलं आहे हे. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर हे फळ आणि पाल्याचा काढा कायम घेणाऱ्यांमध्ये मेंदूचा पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला होता, 1999 मध्ये छापून आलंय. तो गप्प बसला, पटलं का माहीत नाही, पण पाकीट माझ्या टेबलावर ठेवून गेला.

जाताना काकूंनी विचारलं, मग फळ तरी खाऊ काय? फळ चांगलंच की. व्हिटॅमिन सी, फायबर, पोटॅशियम, आंबटगोड गर. कधीमधी एखादी वाटी, बिया सगळ्या काढून, घरीच धुऊन कापलेलं, आणि तेही रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट बरे असतील तेव्हा डॉक्टरांना विचारून. औषध म्हणून नको, फळ म्हणून खा.

महिन्याभराने काकू आल्या, वजन दीड किलो वाढलेलं, आणि पेपरात गुंडाळलेलं दोनेक किलोचं लक्ष्मणफळ माझ्यासाठी, गावच्या परसातलं. पिकायला आलेलं, संध्याकाळच्या डोंबिवली स्लोला चेपून जे काय व्हायचं ते झालं, पिशवी ओली आणि अख्ख्या लेडीज डब्यात वास. समोरची बाई म्हणाली, "अय्या, लक्ष्मणफळ ना? कॅन्सरवर असतं ते. याचा पाला कुठे मिळेल हो?"

डोंबिवली येईपर्यंत मी पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.