नाथसागर अपडेट: ते चक्रांग नव्हतंच!

मागच्या वेळी नाथसागरच्या (पैठणचं जायकवाडी धरण) फुगवट्याच्या कडेचं जे एकटं बदक मी चक्रांगची मादी म्हणून लिहिलं होतं ना, ते खोडा. भुवई बदक आहे ते, आणि मादी पण नाही, इक्लिप्समधला, म्हणजे विणीनंतर मादीसारखी साधी पिसं आलेला नर आहे! सकाळपासून कधी एकदा लिहितो असं झालंय.

तीन रविवार गेले राव त्या एका पक्ष्यात. पैठणच्या अलीकडं बाभळीखाली गाडी लावून बसायचं, समोर थापट्या, तलवार बदक सगळे ओळखू येतात, हळदी-कुंकू तर चोचीवरनं लांबूनच कळतं, पण हे तपकिरी बदक काही केल्या सुटेना. भुवई म्हणावं तर डोळ्यावरची फिकट रेघ, चोचीच्या बुडाशी पांढुरका ठिपका आणि गालावरची दुसरी गडद रेघ हे ठळक पाहिजे, इथं सगळं पुसट, भिजलेल्या वहीतल्या शाईसारखं. म्हणून चक्रांग धरलं. पण चक्रांगच्या शेपटीच्या कडेला असते ती फिकट रेघ पण दिसेना, चोचही जरा लांब, सगळी करडी, बुडाला नारिंगी अजिबात नाही. मोबाईलच्या ॲपनं दोन्ही वेळेस चक्रांगच सांगितलं, बसलेल्या बदकाच्या फोटोवर ॲपचा भरवसा धरू नका हे माझं पक्कं मत झालंय.

आज साडेसातला एक मासेमार दादा थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं काढायला आले आणि सगळा थवा उठला. मी बटण दाबूनच ठेवलं. 31 फोटोंपैकी 28 हललेले, पण एकात त्याचा पंख पूर्ण उघडा, आणि पंखाचा पुढचा भाग चक्क फिकट निळसर राखाडी! चक्रांगमध्ये हा रंग नसतोच. पंखावरच्या हिरव्या पट्ट्याच्या पुढची-मागची पांढरी रेघही जवळपास सारखीच जाड, चक्रांगची पुढची जाड नि मागची बारीक असते. भुवईचे नर अर्धा हिवाळा मादीच्याच कपड्यात फिरतात, पंख मात्र नराचाच राहतो. लय भारी वाटलं.

आता पंचाईत अशी की ऑक्टोबरच्या यादीतले माझे 14 चक्रांग पण संशयात आले. भुवई तर आपल्याकडं सगळ्यांच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरलाच यायला लागते. उडतानाचा फोटो नाही ती नोंद मी नुसती 'लहान बदक' अशी करतोय.

स्पॉटिंग स्कोपसाठी (लांबचे पक्षी बघायची एकनळी दुर्बीण) पैसे साठवत होतो, पण लिहिता लिहिता वाटायलंय की आधी चांगला ट्रायपॉड घ्यावा, जुन्याचा एक पाय सारखा घसरतोय. हातातली दुर्बीण 8x42 (आठपट मोठं दाखवणारी) च बरी, दहापटीच्या 10x50 नं माझा हात थरथरतो. आणि जागाही बदलतो, सकाळी मी उन्हाकडं तोंड करून बसतो, तिथं कुठला रंग दिसणार? येत्या रविवारी पलीकडच्या काठावरनं, ऊन पाठीशी घेऊन.

माजलगाव नाहीतर येलदरी धरणाकडं कुणाकडं उघड्या पंखाचे फोटो असले तर टाका, पुसट चेहऱ्याचे आधी.